मार्कसच्या मापाचं हेल्मेट

आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या अंकात 'कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत का?' असा परिसंवाद आहे. संपादक शुभाकाकूंनी मला फोन केला. "सगळे डॉक्टर आणि इंजिनिअर लिहितायत. खेळाडूला प्रत्यक्ष हात लावलेली तू एकटीच आहेस. लिही काहीतरी."

मी म्हटलं, "काकू, मला मत नाही."

"मग काय झालं ते लिही. मत वाचणारे काढतील."

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे शुद्धलेखन काकूंनी तपासलं आहे. घटना मात्र त्यांना तपासू दिलेल्या नाहीत, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टींना त्या स्वतः जबाबदार आहेत.

मी इलिनॉयमधल्या एका विद्यापीठात अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. आमचं मंडळ ज्या गावात आहे त्या नेपरव्हिलहून निघून मक्याच्या शेतांमधून सरळ गेलं, आणि झोप लागली नाही, तर दोन-अडीच तासांत माणूस आमच्या स्टेडियमवर पोचतो. ट्रेनर म्हटल्यावर नाशिकच्या मावशीला वाटतं की मी लोकांकडून जोर-बैठका काढून घेते. आई सगळ्यांना "डॉक्टरच आहे तशी" असं सांगते आणि 'तशी' हा शब्द खूप पटकन म्हणते. खरं काम वेगळं आहे. पुण्यात मी फिजिओथेरपी शिकले आणि इथे येऊन मास्टर्स केलं. आता सरावाच्या आधी खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधते, सरावानंतर बर्फ लावते, आणि मधल्या वेळात कोण लंगडतंय आणि कोण न लंगडण्याचं नाटक करतंय ते बघते. नाटकवाले ओळखणं जास्त महत्त्वाचं. मला बोलायला फारसं आवडत नाही, त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळतो. माझं नाव मृण्मयी. ते कुणालाच जमत नाही म्हणून सगळे मला मून म्हणतात.

इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळण्याचा खेळ. पायाचा संबंध फक्त मोडण्यापुरता. आमच्या कामात एक जुनी पद्धत आहे. खेळाडूच्या डोक्याला मार लागल्याची शंका आली की आधी त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं आणि हातातून खाली ठेवायचं नाही. "आज तू खेळायचं नाहीस" असं डॉक्टरांनी सांगितलं तरी ही मुलं नजर चुकवून मैदानात पळतात. हेल्मेटशिवाय मात्र पळून उपयोग नसतो, पंच आत घेत नाहीत. म्हणून कडेला एखादी ट्रेनर भाजीची पिशवी धरावी तसं हेल्मेट काखेत घेऊन उभी दिसली, की समजावं, आज कुणाचा तरी खेळ संपला.

आता मार्कस. मार्कस लाइनमन होता. चेंडू फेकणाऱ्या देखण्या मुलाच्या पुढे भिंतीसारखं उभं राहायचं आणि समोरून धावत येणाऱ्या तितक्याच मोठ्या माणसांना अंगावर घ्यायचं, हे लाइनमनचं काम. टीव्हीवर देखण्या मुलाचा चेहरा दिसतो आणि मार्कसची पाठ. ती पाठ आमच्या ट्रेनिंग रूमच्या दारात अडकायची. डोकंही तसंच. त्याच्या मापाचं हेल्मेट बाजारात मिळेना, शेवटी खास बनवून घ्यावं लागलं. तसं एकच होतं. हे लक्षात ठेवा.

त्याची आणि मंडळाची ओळख मी करून दिली. आमच्या खेळाडूंना थोडी समाजसेवा करावी लागते, आणि शुभाकाकूंना गणपतीसाठी "चार दणकट मुलं" हवी होती. मी मार्कसला आणि आणखी तिघांना नेपरव्हिलला घेऊन गेले. शाळेच्या हॉलबाहेर पिकअप ट्रकमध्ये मोठी मूर्ती होती आणि ती कशी उतरवावी यावर कार्यकारिणीची चर्चा चालू होती. शुभाकाकूंचे यजमान दिलीपकाका रिटायर्ड इंजिनिअर आहेत. ते कागदावर उताराचा कोन काढत होते. मार्कसने थोडा वेळ ऐकलं, मग मूर्ती उचलली, आत नेली आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

"अरे थांब!" काका ओरडले. "मोरया तरी म्हणू दे!"

मार्कस मूर्ती घेऊन परत ट्रकपर्यंत गेला. सगळ्यांनी मोरया म्हटलं. मग त्याने ती पुन्हा आत आणली.

संध्याकाळी मंडळाने त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि पुरणपोळीचं ताट वाढलं. कुणीतरी फोटो टाकला. सोमवारी मला ब्रेंडाच्या ऑफिसमध्ये बोलावणं आलं.

ब्रेंडा आमची नियमपालन अधिकारी. तेव्हा जुने नियम होते. कॉलेजच्या खेळाडूने फीमाफीपलीकडे कुणाकडूनही काही घ्यायचं नाही, नाहीतर त्याला खेळू देत नसत. ब्रेंडाने फोटो माझ्यापुढे सरकवला.

"त्याच्या हातात काय आहे?"

"नारळ."

"कशाबद्दल?"

"आदर म्हणून."

"म्हणजे मूर्ती उचलण्याचा मोबदला."

"नाही. उचलली नसती तरी दिला असता."

"मग न उचलणाऱ्यांना का नाही दिला?"

"त्यांनाही दिला. सगळ्यांना देतात. जे देतात त्यांनाही शेवटी कुणीतरी देतं."

ब्रेंडाने पेन खाली ठेवलं. "आता तो नारळ कुठे आहे?"

"खाल्ला."

"उघडला कशाने?"

"हाताने."

तिने पेन पुन्हा उचललं. मग म्हणाली, "आणि ताटातलं? ते जेवण होतं की खाऊ?" नियमात दोन्ही वेगळं होतं. "किती पोळ्या खाल्ल्या त्याने?"

"मी मोजणं मध्येच सोडून दिलं."

"मग जेवण," ब्रेंडा म्हणाली.

निकाल असा लागला की शाल परत करायची आणि नारळाची व जेवणाची किंमत मार्कसने धर्मादाय संस्थेला द्यायची. दिलीपकाकांना शाल परत आल्याचा धक्का बसला. "शाल परत? आपल्याकडे शाल परत घ्यायची पद्धतच नाही! आता ही कुठे ठेवू मी?" मार्कसने मात्र निमूट किंमत भरली. त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या दुकानात त्याच्या नंबरचे शर्ट टांगलेले होते, त्यातलं त्याला काहीच मिळत नसे. आणि त्याच आठवड्यात त्याच्या उजव्या गुडघ्यातून पाणी काढलं, तेव्हा त्याचा पाय मी धरला होता.

पुढे नियम बदलले. खेळाडूला स्वतःचं नाव आणि चेहरा विकता येऊ लागला. आमच्या गावात एकदम वेड लागल्यासारखं झालं. चेंडू फेकणारा देखणा मुलगा गाद्यांच्या दुकानाच्या फलकावर झोपलेला दिसू लागला. एका धावपटूला गटारं साफ करणाऱ्या कंपनीने घेतलं. व्हॉलीबॉलच्या केटला टूथब्रशची जाहिरात मिळाली, पण शूटिंगच्या आधीच तिचा उजवा खांदा निखळला, म्हणून तिने डाव्या हाताने दात घासले. दिग्दर्शक म्हणाला, जरा उत्साहाने घास. केट नंतर खेळ सोडून गेली. ती अजून मला मेसेज करते. कोणत्या फळीवरचा डबा काढता आला, एवढंच लिहिते. वरच्या फळीपर्यंत हात अजून गेलेला नाही.

मार्कसला कुणीच विचारलं नाही. पाठीची जाहिरात कोण करणार?

विचारलं ते दिलीपकाकांनी. रिटायर झाल्यावर त्यांनी फ्रोझन पुरणपोळीचा धंदा सुरू केला होता. एडिसनपासून शुगर लँडपर्यंत, अमेरिकेत जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथल्या देशी दुकानांमध्ये त्यांची पाकिटं फ्रीजरमध्ये तळाशी असतात, वर दुसऱ्यांचे सामोसे. "या माणसाने माझा बाप्पा दोनदा उचललाय," ते म्हणाले. "माझ्या पाकिटावर दुसरा कोण शोभणार?" ब्रेंडाने करार वाचून मान्य केला. पैसे मार्कसच्या फोटोचे होते, खेळण्याचे नव्हते. खेळण्याशी पैसे जोडायचे नाहीत, असा नियमच होता.

शूटिंगमध्ये मार्कसने पहिली पोळी गरम न करताच खाल्ली. तिचा कडकन आवाज आला. काका म्हणाले, हेच ठेवा, कुरकुरीत वाटते.

त्या संध्याकाळी काकूंनी आम्हाला जेवायला थांबवलं. आणि तिथे, वरणभातावर, सगळं बिघडलं. फक्त ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिलीपकाकांना एक सवय आहे. जेवताना ते समोरच्याला काहीतरी कबूल करतात. नातवाला म्हणतात, भेंडी संपवलीस तर कुत्रा आणू. मला म्हणाले होते, ड्रायव्हिंग टेस्ट पहिल्या फटक्यात पास झालीस तर गाडी घेऊन देईन. मी पास झाले. गाडी आली नाही, येईल असं कुणाला वाटलंही नव्हतं. आपल्याकडे सगळ्याच काकांचं असं असतं. मुलांना उत्साह यावा म्हणून बोलायचं आणि हात धुतले की विसरायचं.

"मार्कस," काका भात कालवत म्हणाले, "या सीझनला एकही गेम चुकवायची नाही. सगळ्या खेळलास ना, तर वर्षाचे पैसे तुझे!"

काकू म्हणाल्या, "त्याला तूप वाढा आधी."

मार्कसने काटा खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि म्हणाला, "यस, सर."

मला ते पाहून बरं वाटलं. किती नम्र मुलगा आहे, असं मनात आलं.

मार्कसची आई दिवसा वृद्धाश्रमात काम करायची आणि संध्याकाळी एका गोदामात. काकांचे वर्षभराचे पैसे मिळाले की ती गोदामाची नोकरी सोडणार होती. हे त्याने मला घोट्याला पट्टी बांधताना सांगितलं. बांधून घेताना मुलं बरंच काही सांगतात, कारण मी मान खाली घालून काम करत असते.

त्या सीझनला त्याचा गुडघा पुन्हा सुजायला लागला. एकदा आमचं बर्फाचं मशीन बंद पडलं, तेव्हा मार्कसने फ्रीजरमधून काकांनी पाठवलेलं पुरणपोळीचं पाकीट काढलं आणि गुडघ्यावर ठेवलं. ते तिथे इतकं चपखल बसलं की मीही पाहत राहिले. बर्फाचे खडे टोचतात, पोळी टोचत नाही. हळूहळू सगळा संघच पुरणपोळ्या लावायला लागला. सुट्टीच्या दिवशी कोचने एक तव्यावर टाकून खाल्ली. ती आधी कुणाच्या मांडीवर होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मी मार्कसला विचारायची, "दुखतंय?"

"नाही."

"पायऱ्या का नाही चढलास? रॅम्पवरून आलास."

"रॅम्प आवडतो."

पैसे नव्हते तेव्हाही ही मुलं दुखणं लपवायची. कोचसाठी, फीमाफीसाठी, कशासाठी ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. पण मार्कसने गेल्या वर्षी मला खरं सांगितलं असतं. या वर्षी तो खोटं बोलत होता, आणि मला कारण कळत नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये सीझनचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर होता. विद्यापीठाने तो दिवस 'विविध संस्कृतींचा दिवस' म्हणून जाहीर केला. मध्यंतराला आमच्या मंडळाचं ढोल-ताशा पथक वाजवणार होतं, आणि त्यानंतर मंडळातर्फे क्रीडा विभागाच्या संचालकांचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी. दिलीपकाका सूत्रसंचालक. संचालकांना आधीच ईमेलने कळवलं होतं की पारंपरिक शिरोभूषण घातलं जाईल, तेव्हा मान झुकवावी. नेपरव्हिलहून बस भरून लोक आले होते. पार्किंगमध्ये बर्फाच्या चिखलात तंबू ठोकून बटाटेवडे तळले जात होते.

मध्यंतराच्या थोडं आधी मार्कसचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला, अंग झाडलं आणि शांतपणे चालत जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसला. त्यांच्या माणसाकडे त्याने पाणी मागितलं. त्यांनीही दिलं. त्याला हटकायची हिंमत कुणात असणार?

मी जाऊन त्याला हात धरून घेऊन आले.

"मार्कस, कोणता महिना चालू आहे?"

"ऑगस्ट."

"बर्फ पडलाय."

"थंड ऑगस्ट."

"आज कुणाशी खेळतोय आपण?"

त्याने विचार केला. "सगळ्यांशी."

अशा वेळी आम्ही पाच शब्द सांगतो आणि थोड्या वेळाने परत विचारतो. मी सांगितलं, सफरचंद, खुर्ची, ढग, चमचा, गालिचा. थोड्या वेळाने विचारलं.

"पुरणपोळी," मार्कस म्हणाला.

"आणखी?"

"बाकीच्याही पुरणपोळ्याच होत्या."

डॉक्टरांनी येऊन तपासलं आणि सांगितलं, आज बंद. आत शांत खोलीत न्या. मी हेल्मेट काखेत घेतलं. मार्कस जागचा हलेना. हेल्मेट असेल तिथेच तो जाणार होता.

"मून, दे ना. मला सगळ्या गेम खेळायच्या आहेत. अंकलनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"सगळ्या खेळलो तर वर्षाचे पैसे. जेवताना सांगितलं."

आई, गोदाम, रॅम्प, सगळं मला एका क्षणात समजलं. त्याच क्षणी पलीकडे एक मुलगा घोटा धरून खाली पडला आणि मला हाका ऐकू आल्या. घोटा बघायला दोन्ही हात लागतात. हेल्मेट खाली ठेवायचं नाही आणि मार्कसजवळ तर नाहीच नाही. मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी शुभाकाकू नऊवारी आणि त्यावर बर्फातलं जाकीट घालून, सत्काराचं तबक हातात घेऊन उभ्या होत्या.

"काकू, हे सांभाळा. कुणालाही देऊ नका."

"कुणालाही म्हणजे?"

"कुणालाही म्हणजे कुणालाही."

शुभाकाकूंनी जबाबदारी घेतली की त्या पूर्ण घेतात. हेल्मेट दिसलं तर कुणीतरी मागणार, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी ते तबकात ठेवलं आणि त्यावर शाल पसरली. तबकात पगडीला जागा उरली नाही, म्हणून ती शेजारी उभ्या असलेल्या खारीच्या डोक्यावर ठेवली. खार म्हणजे आमच्या संघाचं चिन्ह. एक विद्यार्थी मोठ्या रागीट खारीचा पोशाख घालून मैदानाभर फिरत असतो. पगडी मिळाल्यावर ती खार जी उधळली, ती सामना संपेपर्यंत कुणाच्या हाती लागली नाही.

मी घोट्याला बर्फ लावत होते तेव्हा ढोल वाजायला लागले. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या शेजारी ढोल-ताशा, ही कल्पना करून बघा. ढोल थांबले आणि स्टेडियमच्या भल्यामोठ्या पडद्यावर दिलीपकाका दिसले. एका हातात माइक, चष्मा कपाळावर, चेहरा कॅमेऱ्याकडे. संचालकांना शाल पांघरली, नारळ दिला.

"अँड नाऊ," काका म्हणाले, "द ट्रॅडिशनल पगडी!"

शेजारी काकू तबक मागे ओढत होत्या, पण काकांनी कॅमेऱ्यावरची नजर न हटवता त्यात हात घातला. संचालकांनी ईमेलप्रमाणे मान झुकवली. काकांनी मार्कसचं हेल्मेट मोठ्या आदराने त्यांच्या डोक्यावर ठेवलं, तेही मागचं पुढे. ते थेट खांद्यांपर्यंत गेलं. संचालक दिसेनासे झाले. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं.

"मून," बाकावरचा मार्कस म्हणाला, "ते माझं आहे." आणि तो निघाला.

मार्कसला अडवणं मला शक्य नव्हतं. त्याच्या आधी पोचणं शक्य होतं. मी शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा कधी स्टेजवर गेले नव्हते. मैदानाच्या मध्यापर्यंत मी धावत गेले, आणि पडद्यावर मला मीच दिसले, म्हणून मी पडद्याकडे बघणं बंद केलं.

"काका, ते हेल्मेट द्या."

काकांच्या हातात माइक होता. माझा आवाज चारही बाजूंनी परत आला.

"अगं, सत्कार चाललाय! मधेच काय हे?"

"काका, ती पगडी नाही."

काकांनी चष्मा खाली घेतला. "अरेच्चा."

"मी हा बहुमान समजतो," संचालक आतून इंग्रजीत म्हणाले.

"मार्कसच्या डोक्याला मार लागलाय. तरी तो खेळायला निघालाय."

"मग त्याला सांग, खेळू नको!"

"तुमच्यामुळे खेळतोय तो."

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

"सगळ्या गेम खेळलास तर वर्षाचे पैसे, असं तुम्ही म्हणालात."

"मी? कधी?"

"जेवताना!"

तो 'जेवताना' स्टेडियमभर घुमला. हजारो अमेरिकन लोक आदराने ऐकत होते. त्यांना वाटलं, हा विधीचाच भाग आहे.

"अगं, जेवताना माणूस काहीही बोलतो!"

"ते त्याला कोण सांगणार? त्याच्या आईची नोकरी अडकलीय त्यात. सगळा सीझन गुडघा लपवून खेळला तो. आता त्याला महिना आठवत नाहीये."

ढोल-पथकातून एक मुलगी ओरडली, "काका, मला लॅपटॉप म्हणाला होतात!" तिच्या शेजारचा म्हणाला, "मला ड्रोन!" काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ताशा आपोआप गप्प झाला.

तोपर्यंत मार्कस येऊन उभा राहिला होता. काकांनी दोन्ही हातांनी संचालकांच्या डोक्यावरून हेल्मेट काढलं आणि छातीशी धरलं. मार्कसकडे बघायला त्यांना मान पूर्ण वर करावी लागली. ते इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"मार्कस, वर्षाचे पैसे तुझेच आहेत. कागदावर तसंच लिहिलंय. आज खेळू नको. यापुढे कधीच खेळला नाहीस तरी ते तुझे."

"तुम्ही म्हणाला होतात, सगळ्या गेम."

"ते मी जेवताना बोललो होतो."

मार्कसने यावर बराच विचार केला.

"आणि आत्ता तुम्ही जेवत नाही आहात?"

"नाही," काका म्हणाले. "आत्ता मी उभा आहे."

"ओके," मार्कस म्हणाला, आणि मैदानाच्या मधोमध बसला. मग छोटी गाडी आणून आम्ही त्याला आत नेलं.

आम्ही तो सामना हरलो. कोचचा एक माणूस काकांकडे हेल्मेट मागायला आला, तेव्हा काका म्हणाले, ते समितीच्या ताब्यात आहे, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ. हेल्मेट बसने नेपरव्हिलला गेलं. दोन दिवसांनी ब्रेंडाने मला बोलावलं.

"हेल्मेट त्यांना भेट दिलंय का आपण?"

"नाही."

"मग त्यांनी आपल्याला दिलं होतं?"

"थोडा वेळ."

ब्रेंडाने कपाळाला हात लावला. "हे नारळासारखं आहे का?" मी हो म्हटलं. तिने फाईल बंद केली. ते हेल्मेट अजून काकांच्या बैठकीच्या खोलीत आहे, परत आलेल्या शालीच्या घडीवर.

परिसंवादातले बाकीचे लेख काकूंनी मला वाचायला दिले. कुणी म्हणतं पैसे दिले तर मुलं बिघडतील, कुणी म्हणतं बाजार ठरवेल. सगळ्यांनी खेळणाऱ्या मुलांबद्दल लिहिलंय. माझ्या खोलीत येतात ती त्या दिवशी न खेळणारी मुलं. मार्कसची डोकेदुखी वसंत ऋतू येईपर्यंत राहिली. वर्ष संपल्यावर त्याच्या आईने गोदामाची नोकरी सोडली. गुडघा मात्र कुणाचा करार मानत नाही. मार्कस आता त्याच्या गावी शाळेत शिकवतो आणि जिना चढताना दोन्ही पाय एकेका पायरीवर ठेवतो. तो दिवस त्याला आठवत नाही. एक लहानखुरी बाई मैदानात उभी राहून ओरडतेय, एवढं त्याने व्हिडिओत पाहिलंय. मी काय म्हणत होते, असं त्याने काकूंना विचारलं. काकूंनी सांगितलं, "ती म्हणत होती, जेवायची वेळ झाली."

या वर्षी तो गणपतीला आला होता. मूर्ती दुसऱ्यांनी उचलली. त्याला खुर्ची दिली, नारळही दिला. नंतर आम्ही सगळे काकांकडे जेवलो. गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणालेत आणि विमा सगळं देत नाही, हे त्याने कुणी विचारलं म्हणून सांगितलं.

"मार्कस," दिलीपकाका म्हणाले, "तू रोज नेमाने व्यायाम केलास ना, तर तुझ्या ऑपरेशनचं..."

नातवाने भेंडीचा तुकडा हवेतच धरला. काकूंनी वाढायचा चमचा खाली ठेवला. मार्कसने काटा ठेवला आणि पाठ ताठ केली.

काकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ते उठले, आत गेले, हात धुऊन, पुसून आले आणि खुर्चीमागे उभे राहिले.

"व्यायाम केलास तर चांगलं," ते म्हणाले. "नाही केलास तरी ऑपरेशनचं मी बघतो."

मार्कस माझ्याकडे झुकला आणि हळूच विचारलं, "मून, ते आत्ता जेवतायत का?"

मी काकांच्या ताटाकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "झालंय त्यांचं जेवून."